मेल्यावर मिळणारी बढती

अमेरिकेत १९६६ साली ‘डार्क शॅडोज’ ही भुताळी मालिका सुरू झाली. प्रेक्षक जमेनात, तशी १९६७मध्ये शवपेटी उघडून बार्नबस कॉलिन्स या रक्तपिपासूला बाहेर काढलं. थोडे दिवस आलेला हा पाहुणा १९७१पर्यंत हलला नाही.

आपल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचं चित्रीकरण आकेरीचं, म्हणजे १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या गावातलं. तिच्यातले अण्णा नाईक २०१६मध्ये आरंभीच वारले, २०१९च्या पूर्वकथेत जिवंत झाले आणि २०२१मध्ये भूत होऊन परतले. इतकी बढती सरकारी खात्यातही मिळत नाही.

आता कुणी निर्माता रत्नागिरीत रक्तपिपासू आणेलही. वाडा तयारच आहे: ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१०मध्ये बांधलेला थिबा राजवाडा. अडचण वेगळीच. बोलावल्याशिवाय रक्तपिपासूला उंबरा ओलांडता येत नाही म्हणतात. इथे त्याला ओटीवरच बसवतील, ‘कुणाचा रे तू?’ विचारतील आणि सातबाऱ्यावर नाव लावायला आलेला नाही ना, याची खात्री करतील. रक्त आटवायला इथे भावकीचा दावा पुरतो. त्यासाठी परदेशी सुळे कशाला?