काळ्या काचेचे उपासक

उपनिषत्काळापासून आजतागायत या देशातील यच्चयावत् माणसांनी अंधारातून उजेडाकडे जाण्याचीच प्रार्थना केलेली असताना, पदरचे रोख पैसे मोजून बाजारातून अंधार विकत आणणारा, आणि तो घरी आणल्यावर मऊ फडक्यात गुंडाळून, नातवंडांचा हात पोचणार नाही अशा बेताने कपाटाच्या वरच्या फळीवर जपून ठेवणारा एक संप्रदाय आपल्या डोळ्यांदेखत उदयास यावा, ही गोष्ट मला तरी मोठी नवलाची वाटते. हा अंधार तळहाताएवढ्या चौकोनी काचेच्या रूपाने मिळतो. उजेडाचे हजार चोवीस भाग केले, तर त्यांपैकी एकच भाग ती आत सोडते आणि उरलेले हजार तेवीस दारातूनच परत पाठविते. संप्रदायात तिला ‘टेन स्टॉप एनडी’ म्हणतात. कागदोपत्री ती सर्व रंगांवर सारखाच कर बसविते, कोणालाही सूट नाही. व्यवहारात मात्र निळ्याशी किंवा तांबड्याशी तिचे आतून काही साटेलोटे असतेच, आणि ते निस्तरण्यात साधकाच्या रात्रीच्या रात्री संगणकासमोर जातात.

या काचेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा, की जे चित्र एरवी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उमटले असते, ते उमटण्यास मिनिटेच्या मिनिटे लागावीत, आणि तेवढ्या वेळात समुद्राच्या लाटांचे धुके व्हावे, धबधब्याच्या धारा एकजीव व्हाव्यात आणि ढगांचे फराटे आकाशभर ओढले जावेत. छायालेखनाच्या जन्मापासून पुढची पन्नास वर्षे विद्वानांनी हाडांची काडे केली ती नेमकी हा वेळ कमी करण्यासाठी, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा त्याला काही मिनिटे लागली आणि रस्त्यावरच्या गाड्याघोडे, माणसे यांपैकी कोणीही त्यात उमटले नाही. कोपऱ्यावर उभे राहून बूट पुसून घेणारा एक इसम तेवढा शिल्लक राहिला. नंतरच्या काळात चित्रशाळांतून गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावण्याची तजवीज करावी लागे. १८७८ साली मायब्रिजने धावत्या घोड्याचे चारही पाय अधांतरी पकडून दाखविले तेव्हा कोठे या खटाटोपाचे सार्थक झाले. आणि आता, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात काम उरकणारे यंत्र हाती आल्यावर, आमचे साधक त्याच्या डोळ्यावर काळी काच बांधून त्याला पुन्हा दागेरच्या जमान्यात नेऊन बसवितात.

या संप्रदायात हिंजवडीकडची तरुण मंडळीही पुष्कळ आहेत; परंतु त्यांच्याविषयी मला फारसे सांगावयाचे नाही, कारण त्यांचे हे वेड लग्नाबरोबर उतरते असा माझा अनुभव आहे. खरा, जातिवंत साधक सेवानिवृत्तीच्या दोन-तीन वर्षे अलीकडे किंवा पलीकडे असतो. आमच्या शेजारी असे एक गृहस्थ राहतात. हयात सरकारी खात्यात गेलेली; टेबलावर आलेला कागद ‘यथावकाश’ असा शेरा मारून निवांत ठेवण्याचा त्यांचा लौकिक होता, आणि त्यांच्या या नव्या विद्येतील प्रगतीचे मूळ तेथेच आहे असे त्यांचे जुने सहकारी म्हणतात. मला हे पटत नाही. दुसऱ्याचा कागद चार महिने दाबून ठेवणे आणि स्वतःच्या चहासाठी चार मिनिटे थांबणे या दोन अगदी भिन्न शक्ती आहेत, आणि दुसरी त्यांच्या ठायी मुळीच नव्हती. सिग्नल हिरवा होण्याआधी हॉर्न वाजविणारे, लिफ्टचे बटण ती येईपर्यंत दाबत राहणारे आणि लग्नाच्या पंगतीतून मठ्ठा येण्यापूर्वी उठणारे हे गृहस्थ काळ्या काचेच्या सान्निध्यात मात्र एखाद्या मौनी महंताप्रमाणे निश्चल होतात.

त्यांची दीक्षा रीतसर झाली नाही. आरंभी कोणीतरी त्यांच्या कानात सांगितले की, वेल्डिंगवाले डोळ्यांसमोर धरतात तीच काच लावली तर हजारोंचा मामला शेकड्याच्या आत उरकतो. सबब ते रविवार पेठेत, बोहरी आळीत जाऊन तसली काच घेऊन आले आणि रबरबँडांनी ती भिंगावर आवळून बांधली. चित्रे उमटली, पण मुळा-मुठेपासून पर्वतीपर्यंत सारे पुणे हिरवेगार झाले. मग त्यांनी ती कृष्णधवल केली आणि ‘रंग हा विषयाला अडथळा आहे’ असा सिद्धान्त मांडला. तो सिद्धान्त पहिली खरी काच घरात येईपर्यंत टिकला. तिच्या किमतीविषयी घरी चौकशी झाली तेव्हा ‘अगं, काच ती काच, तिला काय पडणार?’ एवढेच उत्तर देऊन त्यांनी पावती पंचांगात दडविली. ती संकष्टीचा चंद्रोदय पाहताना वहिनींच्या हाती लागली, हा तपशील मी केवळ इतिहासाच्या दृष्टीने नोंदवितो. मध्यंतरी एक फिरवून गडद-फिकी करता येणारी काचही येऊन गेली. परंतु रुंद भिंगावर तिने आकाशात भली मोठी काळी फुली उमटविली, आणि सरकारी माणसाला आपल्या कामावर फुली सहन होत नाही.

या उपासनेचा विधी पाहावयाचा असेल तर त्यांच्याबरोबर हरिहरेश्वरला गेले पाहिजे. देवळामागून पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेवर आले, की लाटांनी कोरून जाळी-जाळी केलेला कातळ लागतो, आणि भरतीच्या वेळी ती वाट बंद होते. हे सारे त्यांनी घरूनच मोबाईलवर पाहून ठेवलेले असते. बाकीचे यात्रेकरू देवदर्शनाच्या घाईत असताना यांचा सरंजाम कातळाच्या कडेला ओल्या वाळूत मांडला जातो. प्रथम ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवावयाचे. मग काच न लावताच चौकट जुळवावयाची आणि फोकस करून तो तेथेच कायम करावयाचा, कारण काच चढल्यावर यंत्राला आणि यंत्रवाल्याला दोघांनाही काही दिसत नाही. यंत्रातली कंप थोपविण्याची सोय बंद करावयाची, मागच्या झरोक्यातून चोरटा उजेड शिरू नये म्हणून त्यावर झाकण घालावयाचे, आणि तद्नंतर हिशेब. सूर्य बुडाल्यावर काचेविना पाव सेकंद पुरत असेल, तर काचेसह दोनशे छप्पन्न सेकंद, म्हणजे चार मिनिटे आणि वर सोळा सेकंद. यंत्र आपल्या अखत्यारीत तीस सेकंदांपलीकडे जात नाही. त्यापुढची मंजुरी ‘बल्ब’ नावाच्या खात्यातून घ्यावी लागते आणि वायरीच्या टोकाचे बटण दाबून ठेवावे लागते.

त्या दिवशी हा सर्व विधी यथासांग चालला असता, कालवे फोडून परत निघालेली एक म्हातारी टोपली काखेला लावून त्यांच्यापाशी थबकली. तिने एकदा समुद्राकडे, एकदा ट्रायपॉडकडे पाहिले आणि म्हणाली, “दादा, आज बारस. बाराचे पाऊणपट नऊ. नऊला भरती पुरी. तुमची तिवई तासाभरात पोहायला लागंल.”

साधकांनी मोबाईल पाहिला. त्यातही भरती नऊच्याच सुमारास होती. क्षणभर त्यांच्या मुद्रेवर, वरिष्ठाने आपल्याआधी टिपण वाचल्याचा भाव उमटला.

“मावशी, हे कुठल्या ॲपवर मिळतं?”

“सासूनं सांगितलंय,” म्हणून म्हातारी चालती झाली.

तिथीला पाऊणपट केले की भरतीचे तास निघतात, हे आपल्या किनाऱ्यावरचे जुने गणित. परंतु सूत्र कळले म्हणून माणूस बाजूला होतो असे थोडेच आहे? त्यांनी बटण दाबले. दोन मिनिटे निर्विघ्न गेली. तिसऱ्या मिनिटाला एक चुकार लाट येऊन ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू अलगद काढून घेऊन गेली, आणि डावा पाय बोटभर खाली बसला. साधकांनी तो बसताना पाहिला, पण बटण सोडले नाही. फक्त त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला, जो देवस्थानाच्या हद्दीत उच्चारण्याजोगा नव्हता. पुढे चार मिनिटे सोळा सेकंद पुरी झाल्यावर यंत्राने आणखी चार मिनिटे सोळा सेकंद मागून घेतली. चित्रातले ठिपके काढण्यासाठी तितकाच वेळ झडप मिटून ते निव्वळ अंधाराचे चित्र काढते आणि पहिल्यातून वजा करते, अशी त्यातली योजना आहे. ही सोय बंद करता येते, पण संप्रदायात ती बंद करणे अधर्म समजतात. एवढ्यात पश्चिमेची उरलीसुरली लाली गेली, पाणी घोट्याला लागले, आणि आलेल्या चित्रात सगळा कातळ दोनदोन दिसत होता. मधल्या वेळात एक कुत्रे यंत्रासमोरून दोनदा इकडून तिकडे गेले होते. त्याचा मागमूसही कोठे नव्हता.

ही चार मिनिटे साधकाने करावयाचे काय, हा या कलेतला खरा अवघड प्रश्न आहे, आणि पुस्तकांतून त्याचा ऊहापोह झालेला नाही. हलावयाचे नाही, चालावयाचे नाही, लाकडी पुलावर असाल तर पाऊल टाकावयाचे नाही; बोलण्यास मात्र मनाई नाही. त्यामुळे एरवी घाईने अर्धवट वाक्ये टाकून निघून जाणारे आमचे शेजारी या चार मिनिटांत व्याख्यान देतात, आणि श्रोत्यांना जागचे हलण्याची बंदी असल्याने ते पुरे होते. दागेरचा तो बूट पुसून घेणारा इसम मी प्रथम ऐकला तो भंडारदऱ्याला, रंधा धबधब्यासमोर, एका पायावर उभे राहून.

त्याच भंडारदऱ्याच्या सहलीची चित्रे घरच्या टीव्हीवर लावून पाहिली जात होती. धबधबा होता, धरणाची भिंत होती, धुके होते.

“पाणी फुटलेल्या दुधासारखं का दिसतंय?” धाकट्या नातवाने विचारले. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “यात मी कुठं आहे?”

“आहेस की. त्या दगडापाशी होतीस.”

“दिसत नाही ती.”

“तू हललीस.”

बत्तीस वर्षांच्या संसाराचा एवढा आटोपशीर गोषवारा मी अन्यत्र ऐकलेला नाही. वहिनींनी त्यावर काही न बोलता चहाचे कप उचलले, आणि त्यानंतर पुढच्या सर्व सहलींत त्या यंत्राच्या मागे, घडीच्या खुर्चीवर, शब्दकोडे घेऊन बसू लागल्या.

संप्रदायाचा शत्रू समुद्र नव्हे, पहारेकरी होय. आपल्याकडे हातातला कॅमेरा हा छंद समजला जातो आणि तीन पायांवर उभा केलेला तोच कॅमेरा हा गुन्हा समजला जातो. वांद्र्याच्या किल्ल्यावरून, नदीच्या घाटावरून, उद्यानातून आमच्या साधकांना शिट्ट्या वाजवून हुसकावण्यात आले आहे. त्यांच्या शेजारी उभी राहून शेपन्नास माणसे मोबाईलने तेच दृश्य टिपीत असतात, त्यांना कोणी हटकीत नाही. “परवानगी आहे का?” या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभर जे उत्तर इतरांना दिले, तेच त्यांना आता मिळते, लेखी अर्ज करावा, यथावकाश कळविण्यात येईल. वाईट याचे वाटते, की पहारेकऱ्याशी हा वाद चालू असताना बटणावरचा अंगठा सुटलेला नसतो, आणि वाद पुरेसा लांबला तर चित्र हाती लागून जाते. माझ्या मते वाद घालण्याचे त्यांचे कसब हल्ली याच हेतूने वाढीस लागले आहे.

आता एवढी थट्टा केल्यावर कबूल केले पाहिजे, की त्यांच्या संग्रहातली दोन-तीन चित्रे मला मनापासून आवडतात. एकात नुसता ओहोटीचा किनारा आहे, चार दगड आहेत आणि त्यांच्या भोवती पाणी आहे की धुके, याचा निर्णय होत नाही. असे दृश्य कोणत्याही डोळ्याने कधी पाहिलेले नाही, कारण डोळ्याला चार मिनिटे साठवून ठेवता येत नाहीत. ते खोटे म्हणावे तर यंत्राने त्यात पदरचे काहीच घातलेले नाही. हे मी त्यांना बोलून दाखविले. त्यांनी ते चित्र मोठे करून मला भेट दिले, आणि दर रविवारी ते सरळ टांगले आहे की नाही हे पाहण्यासाठी ते येतात.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे पंधरा स्टॉपची काच आली. ही उजेडाच्या बत्तीस हजार सातशे अडुसष्ट भागांतून एकच भाग आत सोडते. भर दुपारच्या उन्हातही तिच्यामागे चार-साडेचार मिनिटे शटर उघडे ठेवता येते. ती हाती येताच त्यांनी एक अघटित संकल्प सोडला. दिवाळीच्या खरेदीच्या ऐन गर्दीत, दुपारी बारा वाजता, लक्ष्मी रस्ता निर्मनुष्य करून दाखवावयाचा. पॅरिसच्या धर्तीवर. एका परिचिताच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी मिळाली, खालच्या फुटपाथवर वहिनींना खरेदीच्या पिशव्यांसह उभे करून “इथून हलू नकोस” असे बजावण्यात आले, आणि हिशेबाप्रमाणे चार मिनिटे बावीस सेकंद शटर उघडे राहिले.

चित्र पाहावयास मला मुद्दाम बोलावणे आले. पायी चालणारा पुणेकर त्यातून खरोखरच नाहीसा झालेला होता. एकही डोके नव्हते. वाहने मात्र एकूण एक उमटली होती. दोन बस, रिक्षा, स्कूटरी आणि एक टेम्पो एकमेकांना खेटून, चार मिनिटे बावीस सेकंदांत तसूभरही न सरकल्यामुळे, नंबर वाचता येतील इतक्या स्वच्छ, रेखीव रूपाने उभी होती. आणि त्यांच्या मागे, फुटपाथच्या कडेला, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या वहिनी, साडीच्या काठासकट, थेट वर गॅलरीकडे पाहत असलेल्या. मुद्रेवरचा भाव तर इतका सुस्पष्ट आला होता, की हे चित्र प्रदर्शनात ठेवावे की नाही याविषयी साधकांनी अद्याप निर्णय घेतलेला नाही. तूर्त त्यावर ‘यथावकाश’ असा शेरा आहे.