गावसकर की सरदेसाई : वाद शास्त्रोक्त पद्धतीने कसा घालावा

वादाला विषय जुना निवडावा. कालच्या सामन्यावर कुणीही बोलतो. १९७१ची वेस्ट इंडीजमधली मालिका या कामाला अगदी योग्य आहे. अजित वाडेकरांच्या संघाने ती १-० अशी जिंकली. शिवाय मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये, त्यामुळे ती मालिका इकडे घरबसल्या कुणी पाहिलेली नाही. ‘मी स्वतः पाहिलंय’ म्हणणारा गडी पहिल्याच चेंडूवर बाद होतो आणि वाद आकड्यांवर येतो.

साहित्य : एक मुंबईकर, एक गोवेकर, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, पेन्सिल, चहा. मुंबईकर गावसकरांच्या बाजूने बसेल. गोवेकर ‘सरदेसाई आमच्या मडगावचे’ एवढं एकदा सांगून गप्प बसेल आणि दर दहा मिनिटांनी तेच पुन्हा सांगेल. दोघांनाही बोलू द्यावं. तेवढ्यात आपण आकडे मांडून घ्यावेत.

गावसकर : ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. एकूण ७७४.

सरदेसाई : २१२, ११२, ३, ४५, १५०, २४, ७५, २१. एकूण ६४२.

बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर पहिली कसोटी खेळले नव्हते, तरी दोघांचेही डाव आठच भरतात. तुलना करणाऱ्याला असं सुख क्वचितच मिळतं. अर्थात मुंबईकर लगेच ‘चार कसोटींत ७७४!’ असं ओरडेल. त्याला चहा द्यावा.

मग तो ‘सरासरी १५४.८०’ हा हुकमी पत्ता टाकेल. इथे घाबरायचं नाही. क्रिकेटमध्ये एकूण धावांना डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्याने भागतात. गावसकर तीनदा नाबाद राहिले, म्हणून ७७४ भागिले ५. हिशेब चोख आहे, पण त्यांच्या आठ डावांपैकी सात डाव या ‘सरासरी’च्या खाली आहेत, हे मुंबईकराला शांतपणे, शक्यतो तो बिस्किट बुडवत असताना, दाखवावं. आपल्याला डावागणिक किती झाल्या ते हवं आहे, तेव्हा दोघांनाही आठने भागावं. गावसकर ९६.७५, सरदेसाई ८०.२५. फरक साडेसोळा.

सामान्य वाद इथेच संपतात. मुंबईकर उठतो, गोवेकर पैसे देतो. शास्त्रोक्त वाद इथून सुरू होतो, कारण साडेसोळा हा फरक मोठा की किरकोळ, हे त्या साडेसोळाकडे कितीही रोखून पाहिलं तरी कळत नाही. त्यासाठी प्रत्येक डाव आपल्या सरासरीपासून किती लांब पडला ते मोजावं लागतं.

गोवेकर उत्साहाने वजाबाक्या करू लागेल आणि बेरीज शून्य येताच पेन्सिल फेकेल. येणारच. गावसकरांचे चार डाव सरासरीच्या वर आहेत, मिळून १९० धावांनी. चार खाली आहेत, तेही मिळून १९० धावांनीच. सरासरीची व्याख्याच तशी आहे. उपाय असा, की अधिक-उणे पाहूच नये, फक्त अंतर घ्यावं. नववीच्या पुस्तकात याला केवल मूल्य म्हणतात. मग गावसकरांची एकूण अंतरं होतात ३८०. भागिले आठ, सरासरी विचलन ४७.५. सरदेसाईंची ४६६.५, भागिले आठ, जवळजवळ ५८.३.

दोन्ही आकडे नीट पाहावेत, घाई नको. गावसकरांचे आठपैकी सहा डाव सरासरीच्या ४७.५ धावांच्या आत आहेत. बाहेर फक्त दोन, तो एक आणि ते दोनशे वीस. सरदेसाईंचे ५८.३च्या आत फक्त चार. म्हणजे गावसकर जास्त धावा करतात आणि कमी हेलकावतात. मुंबईकर इथे टाळी मागेल. देऊ नये. साडेसोळाच्या फरकाला विचलनाशी ताडून पाहणं बाकी आहे. दोन विचलनांची सरासरी साधारण ५३. साडेसोळा म्हणजे त्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. फरक विचलनाच्या दुपटीएवढा असता, तर दोघांचे आकडे ठळकपणे वेगळे दिसले असते. इथे ते एकमेकांत इतके मिसळलेत, की नावं झाकून एखादा डाव दाखवला तर तो कुणाचा हे सांगताना मुंबईकरही अडखळेल.

हरणारा पक्ष आता प्रमाण विचलनाची मागणी करेल, म्हणजे अंतरांचे वर्ग करा म्हणेल. हे भांडण आपल्या कट्ट्याहून थोर आहे. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी १९१४ मध्ये सरासरी विचलनाची बाजू घेतली, आणि १९२० मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी, आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत असतील तर प्रमाण विचलनच सरस, हे सिद्ध केलं. फलंदाजांच्या धावा त्या वक्रात बसायला तयार नसतात. वर्ग केले की २१२ आणि २२० एवढा गलबला करतात की बाकीच्या डावांचं काही ऐकूच येत नाही. मागणी फेटाळावी.

गोवेकराकडे मात्र एक शस्त्र उरतं, आणि ते त्याला वापरू द्यावं, कारण तो बरोबर आहे. किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ होता तेव्हा सरदेसाईंनी २१२ केल्या. ब्रिजटाउनला गावसकर एकवर गेले, संघ ६ बाद ७० झाला, आणि सरदेसाईंनी १५० केल्या. आपल्या हिशेबात हे दोन्ही डाव ‘हेलकावा’ म्हणून नोंदले गेलेत, सरदेसाईंच्या खात्यावर दोष म्हणून! विचलनाला आकडा कळतो, धावफलक कळत नाही. मुंबईकराने यावर वाद घातला तर चहा पुन्हा मागवू नये.

शेवटी निकाल पत्रिकेवर लिहून काढावा : गावसकर अधिक स्थिर, सरासरीतला फरक आठ डावांच्या जोरावर कुणाला वरचढ ठरवण्याइतका नाही. खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्या मिळणार नाहीत. तेव्हा पुढच्या रविवारी एकनाथ सोलकरांचा विषय काढावा. किंग्स्टनची १३७ची आणि ब्रिजटाउनची १८६ची, सरदेसाईंच्या या दोन्ही भागीदाऱ्यांत समोरच्या टोकाला तेच होते.