निचराकाका

कपडे धुवायच्या मशीनमध्ये पाणी तुंबलं, तर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कोणी लगेच कंपनीला फोन लावत नाही. आधी तिसऱ्या मजल्यावर निरोप जातो. काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या बिलावर छापलेलं असतं, पण हाक मारताना सगळे निचराकाकाच म्हणतात. वीज मंडळात जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर माणूस पाण्याच्या मागे लागला.

ते येतात तेव्हा अंगात गंजिफ्रॉक असतो, हातात एक टॉर्च आणि एक रुपयाचं नाणं. आल्याआल्या मशीनकडे ढुंकूनही बघत नाहीत. खुर्ची मागवतात. "काका, पाणीच जात नाहीये हो," असं घरातली बाई सांगायला लागली की हात वर करतात. "काय झालंय ते मला दिसतंय वहिनी. काय बदललंय ते सांगा."

मग चौकशी सुरू होते. पावडर बदलली का? मशीन जागचं हलवलं होतं का? रंगकाम? पाहुणे? पाहुण्यांबरोबर लहान मुलं? त्या मुलांना खिसे होते? यातला एकही प्रश्न फुकटचा नसतो, हे मी अनेकदा पाहिलंय. एका घरी हाताने धुवायची पावडर समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये मापाने दोन डबे पडली होती. आत इतका फेस झाला की पंपाच्या वाट्याला पाणी कमी आणि हवाच जास्त. दुसऱ्या घरी रंगकामानंतर हौशी गृहस्थांनी सेमी-ऑटोमॅटिकचा लोळणारा पाइप भिंतीवरच्या खिळ्याला छान अडकवून ठेवला होता. त्या मशीनला पाणी उपसायचा पंप नसतो, पाणी आपल्या वजनाने खाली जातं. ते खिळ्यापर्यंत चढणार कशाला? काकांनी पायाच्या अंगठ्याने पाइप जमिनीवर पाडला आणि पाणी भसाभसा निघालं. घरचे खूश झाले, काका मात्र दिवसभर उदास. एवढ्या लवकर संपलेली केस त्यांना अपमानासारखी लागते.

खरा रंग भरतो तो पंपवाल्या मशीनवर. काका घरात शांतता जाहीर करतात. कुकर बंद, मालिका बंद. मग मशीनच्या खालच्या कोपऱ्याला कान लावून बसतात. "गुणगुणतोय. म्हणजे पंप जिवंत आहे, घशात काहीतरी अडकलंय." काहीच ऐकू आलं नाही तर चेहरा गंभीर होतो, कारण मग वायर तरी सुटलेली असते नाहीतर पंपच गेलेला असतो, आणि त्यासाठी मेकॅनिक बोलवावा लागतो. मेकॅनिक ही जमात काकांना सोसत नाही. नाडीही न बघता ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण कसं बघू, तसं ते "बोर्ड गेलाय" म्हणणाऱ्या मेकॅनिककडे बघतात.

पुढे फिल्टर. आधी प्लग काढून तो सगळ्यांना दिसेल असा मशीनवर ठेवायचा. हा मंडळाचा संस्कार, त्याला तडजोड नाही. गरम पाण्यात धुणं लावलं असेल तर ते निवेपर्यंत चहा. मग नाण्याने खालचं झाकण उघडतात आणि परात मागतात. "बादली चालेल का?" असं प्रत्येक घरी विचारलं जातं, आणि झाकणाच्या खाली बादली जाऊच शकत नाही हे प्रत्येक घरी दाखवावं लागतं. कणकेची परात जाते म्हणून वहिनींचा जीव वरखाली. काका फिल्टर डावीकडे थोडाच फिरवतात, परात भरली की घट्ट करतात, परात मोरीत रिकामी होते, परत तेच. या मधल्या वेळात मंडळातल्या एका जुन्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट ऐकावी लागते. ती सोसायटीला पाठ आहे.

फिल्टर बाहेर आला की काका त्यातली एकेक वस्तू धुऊन वर्तमानपत्रावर मांडतात. सुटी नाणी, ब्लाउजचे हूक, सेफ्टी पिना, काळे मणी, केसांचा पुंजका, रेल्वेच्या तिकिटाचा लगदा. एकदा गुटख्याची पुडी निघाली. त्या घरात 'सोडला' म्हणून देवाची शपथ झालेली होती. बाईंची नजर मशीनवरून सावकाश यजमानांकडे वळली. काका टॉर्च घेऊन भोकात डोकावत राहिले. दुसऱ्यांच्या घरचं असं काही निघालं तर ते बाहेर बोलत नाहीत. त्यांचा हा गुण फार मोठा.

आतल्या पंख्याला ते बोट लावतात. तो अडखळत फिरला की कोणीतरी "खराब झालाय" म्हणतंच. "आत लोहचुंबक आहे, झटके देतच फिरणार. गुळगुळीत फिरला असता तर मी घाबरलो असतो."

एकाच ठिकाणी काका हात टेकतात. मशीन पाणी नीट फेकतं, पण ड्राय बाल्कनीत तळं साचतं. मशीनचा काही दोष नसतो. नहाणी ट्रॅप केसांनी आणि साबणाच्या गाळाने भरलेला असतो. जाळी उचलून हात घातला तर दहा मिनिटांचं काम. पण काका दोन पावलं मागे सरतात. "हा सिव्हिलचा विषय," म्हणतात, "आमच्या सेक्शनमध्ये येत नाही." प्लंबर येईपर्यंत मात्र हलत नाहीत. त्याने काय काढलं, ते बघायचं असतं.

पैसे घेत नाहीत. चहा, आणि संध्याकाळी कट्ट्यावर कोणीतरी "आज काय निघालं?" विचारावं, एवढीच अपेक्षा. अलीकडे अडचण होते ती तरुण मंडळींमुळे. ती मोबाइलवर व्हिडिओ बघून महिन्या-दीड महिन्याने फिल्टर स्वतःच साफ करतात. तक्रार आलीच तर काका जातात, परात मागतात, फिल्टर काढतात, आणि तो चकचकीत निघतो. त्यानंतर ते चहासुद्धा अर्धा ठेवून उठतात.

तेव्हा आमच्या सोसायटीत राहायला येणार असाल तर फिल्टर खुशाल स्वतः साफ करा, चांगलीच सवय आहे. फक्त काकांना बोलवायच्या आधी त्यात एखादं नाणं टाकून ठेवा.