दोन क्विंटलचं जाकीट

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला तापमापक दर हिवाळ्यात एकदा तरी सहा-सात अंशांवर उतरतो. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘धुळे गारठले’ असा मथळा येतो आणि खानदेशातल्या कर्त्या पुरुषांना एकाएकी स्कीइंगचं जाकीट हवंसं वाटू लागतं. स्वेटर चालत नाही. रस्त्याकडेला तिबेटी आणि नेपाळी विक्रेत्यांनी टांगलेले स्वेटर पोरांना आणि सासऱ्यांना. कर्त्या पुरुषाला हवं ते आल्प्सच्या उतारासाठी बेतलेलं. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा ते धूड कपाटात कुठं कोंबायचं, हा प्रश्न अर्थातच वहिनींचा.

निवड होते ती आकड्यांवर. लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असतं. त्या कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ओल आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. जळगावला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे चौदा वर्षांचा पावसाळा एकदम कोसळला तरी भाऊ कोरडे! (हिशेब शास्त्राला धरून नाही, पण दुकानात शास्त्र विचारतो कोण?) तरीही भाऊ हे जाकीट घेत नाहीत, कारण साडूनं २०,००० वालं घेतलंय.

मग खिसे. डाव्या बाहीवर मनगटाजवळ एक चिमुकला खिसा असतो. त्यात उतारावर नेणाऱ्या पाळण्याचा पास ठेवायचा आणि बर्फातल्या फाटकापुढं हात नुसता धरायचा, की फाटक उघडतं. आपल्याकडं त्यात नेमकी ती पुडी मावते, जिच्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. काही जाकिटांत रेको नावाची पट्टी शिवलेली असते. हिमकड्याखाली गाडला गेलेला माणूस बचाव पथकाच्या यंत्राला तिच्यामुळं सापडतो. ते यंत्र जळगावात कुठं मिळेल, याची चौकशी एका वहिनींनी दुकानातच केली. भाऊ रोज संध्याकाळी गोलाणी मार्केटात गाडले जातात म्हणून.

खरी गंमत कापडात आहे. बर्फात सुती कपडा घालू नये, असं डोंगरातले जाणकार बजावतात. सूत घाम पितं, ओलं राहतं आणि अंग गार पाडतं. म्हणून जाकीट नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पंधरा हजारांचं जाकीट म्हणजे दोन क्विंटल कापूस, तोही व्यापाऱ्यानं हमीभाव दिला तर. कापूस विकून आपण जे आणलं, त्यात कापसाचा एक धागा नाही. जिनिंगवाल्यांनी यावर मोर्चा काढायला हवा होता. पण तेही त्याच दुकानात रांगेत उभे होते.

ते जाकीट घालून भाऊ मनालीला जातात. सोलंगच्या वाटेवर बर्फाचे पोशाख भाड्यानं देणारी दुकानं लागतात. ड्रायव्हर तिथं गाडी थांबवतोच. पायांपासून गळ्यापर्यंतचा तो झगा जाकिटावरून चढतो आणि घरी आलेल्या प्रत्येक फोटोत भाऊ भाड्याचे दिसतात.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. यातली बरीचशी जाकिटं नुसती कवचं असतात, आत अस्तरापलीकडं काही नाही. वारा आणि पाणी अडवणं एवढंच त्यांचं काम. ऊब उतारावर घाम गाळणाऱ्यानं स्वतः आणायची. घाम जास्त झाला तर तो जावा म्हणून काखेतही चेन दिलेली असते. पहाटे धुळे रस्त्यावर मोटारसायकल हाणणाऱ्या दूधवाल्यानं आत लोकरीचं काही घालून हे चढवलं, तर त्याला ते खरंच लागू पडेल. पण तो छातीशी जुना पेपर खुपसून निघतो, आणि जाकीट चहाच्या टपरीवर निवांत उभं असतं.

त्यात हिवाळा म्हणजे भरीत पार्ट्यांचा. मळ्यात पऱ्हाट्या पेटतात, वांगी भाजली जातात, ठिणग्या उडतात. नायलॉनला ठिणगी लागली की भोक पडतं. लोकरीच्या घोंगडीला सहसा काही होत नाही. त्यामुळं घोंगडीवाले आबा जाळाला खेटून बसलेत आणि आमचे २०,००० मिलिमीटरवाले भाऊ पार विहिरीपाशी, हात काखेत घालून कुडकुडताहेत. कळण्याची पुरी आणि भरीत त्यांना तिथंच नेऊन द्यावं लागलं. शेवटी आबांनाच राहवलं नाही.

“भो, एवढं हिव वाजतंय तर ते जाकीट काढ आन् इकडं ये ना!”