एकोणीस क्विंटलचा लॅपटॉप

2025 च्या मार्चमध्ये अ‍ॅपलची एम4 चिपवाली मॅकबुक एअर भारतात आली, सुरुवातीची किंमत 99,900 रुपये. त्याच वर्षीच्या खरिपासाठी केंद्राने सोयाबीनला हमीभाव दिला क्विंटलमागे 5,328 रुपये. भागाकार करा. जवळपास 19 क्विंटल सोयाबीन गेलं एका लॅपटॉपमध्ये. तेही हमीभाव पदरात पडला तर. बुलडाणा जिल्ह्यात खामगाव, चिखली, मेहकरच्या बाजार समितीत हाती काय आलं, ते तिथे पोती उतरवलेल्या माणसाला विचारा.

हा हिशेब मुद्दाम मांडतो आहे. इंजिनिअरिंगला किंवा पॉलिटेक्निकला पोराचा नंबर लागला की घरात ठरलेलं वाक्य येतं, "घ्यायचाच तर भारी घेऊन टाकू, चार वर्षं पाहायला नको." मला हे वाक्य मान्य नाही. भारी म्हणजे टिकाऊ, हा समज बापाच्या खिशाला फार महाग पडतो.

पातळ, चकचकीत, धातूच्या अंगाच्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. मॅकबुकमध्ये तर रॅम आणि स्टोरेज दोन्ही नंतर वाढवता येत नाहीत. घेतलं तेवढ्यावरच चार वर्षं काढायची. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. जाडसर, साध्या 15.6 इंची लॅपटॉपचं तसं नाही. मागचे स्क्रू काढले की झाकण निघतं आणि तालुक्याच्या ठिकाणचा रिपेअरवाला एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड तिथल्या तिथे बदलून देतो. अशा मशीनला उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणंही बहुधा असतात. कृषी केंद्राची बिलं आणि दुकानाची टॅली सांभाळणाऱ्याला त्यांची किंमत कळते. ती टॅलीसुद्धा विंडोजसाठी बनलेली आहे, हे मॅकबुकवर बोट ठेवण्याआधी ध्यानात घ्या.

उन्हाचाही विचार करा. घाटावर बुलडाण्यात संध्याकाळी जरा तरी वारा लागतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावला मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बसवत नाही. मॅकबुक एअरला आत पंखाच नाही. ती तापली की चिप आपला वेग आपणच कमी करते. मग ज्या वेगासाठी लाख मोजले, तो नेमका कामाच्या वेळी मिळत नाही.

याचा अर्थ सगळ्यांत स्वस्त उचला, असाही नाही. ती दुसरी फसगत, आणि गरिबाच्या वाट्याला हीच जास्त येते. 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेजचा लॅपटॉप ‘विद्यार्थ्यांसाठी खास’ म्हणून पुढे सरकवला जातो. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरजच 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज आहे. म्हणजे यंत्र स्वतःपुरतं जेमतेम उभं राहतं. पोराच्या प्रोजेक्टला जागा कुठून आणणार? सेकंड हॅण्ड बाजारातही डोळे उघडे ठेवा. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि कंपन्यांनी मोडीत काढलेले लॅपटॉप आता पुसूनपासून विकायला येतात. विंडोज 11 चालायला हवं, म्हणून इंटेलचा प्रोसेसर असेल, तर आठव्या पिढीच्या मागचा घेऊ नका.

रोजच्या कामाला काय लागतं? महाडीबीटीचे फॉर्म, सातबारा, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर, थोडं कोडिंग. त्याला 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी भरपूर झाली. 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव चढले, त्यामुळे 16 जीबी परवडत नसेल तर 8 घ्या. पण एक स्लॉट मोकळा आहे हे दुकानात समोर उघडून दाखवायला लावा. पन्नास हजारांच्या आतबाहेर हे काम व्हावं. त्या पन्नास हजारांत 18 टक्क्यांप्रमाणे साडेसात हजारांवर जीएसटी आहे. जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर तो वळता करून घेता येतो. सोयाबीनवाल्याला येत नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरणाऱ्याने, थ्रीडी डिझाइन करणाऱ्याने महाग मशीन जरूर घ्यावं. ते त्याचं अवजार आहे, पैसे परत आणतं.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र घाईने होतं. अ‍ॅडमिशन जुलै-ऑगस्टमध्ये, सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्याच्याही मागून. मधल्या दोन-तीन महिन्यांत लॅपटॉप घ्यायचा म्हणजे उसनवार, नाहीतर हप्ता. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रोसेसिंग फी निघते आणि रोखीची सूट हातची जाते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स आणि प्राथमिक प्रोग्रॅमिंग असतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ते भागतं. पोराला सांगा, दिवाळीपर्यंत लॅबमध्ये बस. आपल्या शाखेला काय लागतं, हेही तोवर त्याला वरच्या वर्गातल्या पोरांकडून कळेल.

जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आणि पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना एक विनंती. कोणत्या शाखेला, कोणत्या वर्षी, किती रॅमचा लॅपटॉप लागेल आणि पहिल्या वर्षी तो नसला तरी चालेल की नाही, एवढं एका पानावर मराठीत छापा. ते पान फीच्या पावतीबरोबर बापाच्या हातात द्या.