नुसत्या कळकळीनं संडास बांधून होत नाही

परदेशात कुठे मोठा भूकंप झाला, कुठे युद्धापायी लाखो लोक घरदार सोडून सीमेवर आले, की आपल्याकडची भली माणसं म्हणतात, 'मला पाठवा, पडेल ते काम करीन.' भावना खरी असते. पण पडेल ते काम करणारा माणूस तिथे ओझं होतो. त्याला तंबू लागतो, पाणी लागतं, आजारी पडला तर खाट लागते. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी आणलंय त्यांच्याच वाट्यातून जातं. तिथे हवा असतो एक काम पक्कं येणारा माणूस. मैला कुठे आणि कसा सोडायचा, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस.

मैल्याचं नाव मी मुद्दाम घेतोय.

जुलै १९९४. रवांडातून आठ लाखांच्या घरात निर्वासित अवघ्या काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराभोवती येऊन बसले. पायाखाली ज्वालामुखीचा कातळ. संडासाचे खड्डे खणता येईनात, मेलेल्यांना पुरता येईना. पिण्याला किवू सरोवराचं पाणी आणि त्याच्याच काठावर सगळी घाण. पहिल्या एका महिन्यात कॉलरा आणि हगवणीनं सुमारे ५०,००० माणसं गेली. मदत संस्थांची रीघ लागली होती, कॅमेरेही होते. कमी पडले ते टँकर, पंप, पाइप आणि ते चालवणारे हात. सलाइन लावणारा डॉक्टर समोरच्या रुग्णाचा जीव वाचवतो. शुद्ध पाण्याचा नळ सुरू करणारा इंजिनिअर पुढचे हजार रुग्ण होऊच देत नाही. त्याचा फोटो कोणी छापत नाही, आणि हे मला चुकीचं वाटतं.

पुढे अनेक देशांनी मिळून या मदतकार्याची चिकित्सा केली. १९९६ च्या अहवालात काही संस्थांच्या कच्च्या कामावर स्पष्ट बोट ठेवलं गेलं. १९९७ साली 'स्फिअर' नावानं किमान निकष ठरवायला सुरुवात झाली. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. एका नळावर फार तर २५० माणसं. २० माणसांमागे एक संडास, तोही राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. बायकांच्या संडासाला आतून कडी.

ही कडी क्षुल्लक वाटत असेल तर छावणीतल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. रात्री अंधारात बिनकडीच्या संडासाला जायची भीती वाटते म्हणून ती दुपारनंतर पाणी पिणंच सोडते. नकाशावर संडासांची रांग आखणाऱ्या इंजिनिअरला हे समजेलच असं नाही. बायकांमध्ये बसून, त्यांचा विश्वास मिळवून हे काढून घेणारी कार्यकर्ती लागते. महिलांची सुरक्षा हे तिचं शिकलेलं काम असतं. दिवा कुठे लावायचा, दार कुठल्या बाजूला ठेवायचं, हे तिच्या शब्दावर ठरायला हवं.

पाण्याचंही तसंच. टँकर आला, लोकांनी भांडी पुढे केली, ढकलाढकली सुरू झाली. अशा वेळी पाण्याचा तंत्रज्ञ एका छोट्या नळीत पाणी घेतो, त्यात एक गोळी टाकतो आणि रंग बघतो. गुलाबी झालं तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असायला हवं. क्लोरीन टाकून अर्धा तास झाला नसेल तर ही तपासणी फसवी ठरते, म्हणून तो अर्धा तास थांबायचंच. समोर तहानलेली माणसं ओरडताहेत आणि हा 'थांबा' म्हणतोय. हे 'थांबा' म्हणण्याची हिंमत सरावानं येते. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल ही क्लोरीनची पावडर पाण्यात टाकतो आणि 'ओटी टेस्ट' करून क्लोरीन तपासतो, ते काम याच जातीचं. त्याला आपण किती मानधन देतो आणि किती मान देतो, हे प्रत्येकानं आपल्या गावात विचारावं.

शिकलेला माणूस नसला की मदतच घात करते. हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे कॉलरा फुटला, ज्या देशात शंभर वर्षांत त्याची नोंद नव्हती. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञानं गावोगाव फिरून, रुग्णांच्या तारखा नकाशावर मांडून उगम शोधला. मीरबालेजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरची घाण एका नदीच्या उपनदीत जात होती. तळावरचे सैनिक नेपाळहून आले होते, आणि तिथे तेव्हा कॉलरा होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला. त्या तळावरचं सांडपाणी एखाद्या जबाबदार स्वच्छता अभियंत्यानं नीट अडवलं असतं तर? हा प्रश्न विचारताना मला आजही राग येतो.

औषधांची गोष्ट याहून वेगळी नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. बऱ्याच खोक्यांवरची भाषा तिथल्या नर्सला वाचता येत नव्हती, काहींची मुदत संपलेली किंवा संपत आलेली. अशा वेळी लागतो तो फार्मासिस्ट आणि त्याच्या जोडीला गोदाम सांभाळणारा लॉजिस्टिक्सवाला: काय घ्यायचं, काय परत पाठवायचं, लस २ ते ८ अंशांत कशी टिकवायची, जनरेटरचं डिझेल किती दिवस पुरेल, हे सगळं वहीत मांडून ठेवणारा. विमानतळावर आलेला माल नाकारण्याचा अधिकार त्याला दिला पाहिजे. जुने कपडे आणि उरलेल्या गोळ्या पाठवून हात झटकणाऱ्यांना वाईट वाटेल, तर वाटू दे.

काही कसबं तर कुणाच्या मनातही येत नाहीत. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोला पसरला तेव्हा प्रेताला हात लावण्यातून रोग वाढत होता, आणि प्रेतं जबरदस्तीनं उचलली की गावं मदत पथकांवर उलटत होती. गिनीत एक गरोदर बाई दगावली. तिथल्या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे पोटातलं मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरणं म्हणजे अरिष्ट, आणि मूल काढणं म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या जिवाशी खेळ. ज्युलियन अनोको या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जाणत्यांना गाठून या दोषावर कोणता शांतिविधी चालतो हे शोधलं, तो करवून घेतला, आणि दफन सुरक्षित झालं. ही विद्या त्या दिवशी लसीइतकीच मोलाची होती.

आता आपल्या जवळचं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा होता आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या मापानं पुड्या बनवून घेतल्या, त्या पिंपातल्या पाण्यात कालवल्या आणि ते पाजण्याचं काम रुग्णाच्या आईबापावर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. मापं वर्षानुवर्षांच्या संशोधनातून आलेली होती, पण पाजणारे हात साधे होते. आपलं ज्ञान दुसऱ्याच्या हातात देता येणं, ही मला या क्षेत्रातली सर्वांत अवघड पात्रता वाटते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९३८ मध्ये चीनला जाऊन तेच केलं: ते चिनी भाषा शिकले आणि शस्त्रक्रियांबरोबर तिथल्या पोरांना शिकवत राहिले. त्यांच्या त्यागाच्या गोष्टी आपण सांगतो, त्यांची ही तयारी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. 'आंतरराष्ट्रीय मदत' म्हटलं की गोरा डॉक्टर आणि पांढरी जीप डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बहुतेक काम त्याच देशातली माणसं करतात: ड्रायव्हर, दुभाषी, परिचारिका, पंपावरचा मेकॅनिक. २०२४ साली जगभरात ३८० हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले, त्यांतले बहुसंख्य स्थानिक होते. बाहेरच्यांना विमा आणि सुटकेचं विमान, आणि ड्रायव्हरला फक्त ओळखपत्र, ही पद्धत बंद झाली पाहिजे.

ज्यांना खरंच जायचंय त्यांनी आधी शिकावं. पीटर गथ्री या ब्रिटिश इंजिनिअरनं मलेशियातल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीत काम केल्यावर १९८० साली आपत्तीत धावून जाणाऱ्या इंजिनिअरांची यादी ठेवणारी 'रेडआर' सुरू केली. तिची भारतातली संस्था पुण्यात आहे, प्रशिक्षण देते. आपल्याकडे वारीच्या वाटेवर टँकर आणि फिरते संडास लावणारे, कुंभमेळ्यात लाखोंच्या पाण्याचं गणित जमवणारे नगरपालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे लोक आहेत. त्यांच्या हातातलं काम कुठल्याही छावणीत चालण्यासारखं आहे. त्यांना वर्षातले चार आठवडे भरपगारी रजा द्या, एखादी परकी भाषा शिकवा आणि त्यांची नावं त्या यादीत घाला.