रात्र कोणाच्या देशाची?

डोंबिवली ते व्हीटी चौतीस वर्षं रोज ये-जा केलेल्या माणसाला रेल्वेची भीती कोणी घालू नये, मग ती रेल्वे युरोपातली का असेना. त्यामुळे निवृत्तीनंतर मी घरात जाहीर केलं, की सोसायटीतले सगळे जातात तसं आपण टूरने जायचं नाही. दोघंच जाऊ, महिनाभर, तिथल्या गाड्या, ट्रॅम आणि बसने फिरू. हिने एवढंच विचारलं, "अहो, आणि बॅगा कोण उचलणार?"

टूरमध्ये पॅरिसला वरणभात मिळतो आणि बॅग आपल्या आधी बसमध्ये जाऊन बसते, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या बसमध्ये बी विंगमधलेच लोक असतात. त्यांच्याबरोबर मी महाबळेश्वरलाही जात नाही.

पहिला बेत मी कालनिर्णयाच्या कडेला लिहिला. तीस दिवस, अकरा देश. हिने चष्मा लावून तो वाचला. "यात जेवायचं कधी?" म्हणाली, आणि लेकीचा जुना लॅपटॉप उघडून बसली. हिने सत्तावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलंय. चौदा वर्ग, एकच चित्रकलेचे सर आणि दर बुधवारी रजेवर जाणारे पीटीचे मास्तर, एवढं सगळं जिने जमवलं तिला युरोप म्हणजे सातवी ब.

युरेल पास समजायला मला तीन दिवस लागले. तेहेतीस देशांना मिळून एक पास, आणि साठीच्या पुढे दहा टक्के सवलत. आपल्याकडची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. परक्या खंडाने आपलं वय लक्षात घेतलं म्हणून मला जरा भरूनच आलं. पण पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सची टीजीव्ही किंवा इटलीची फ्रेचारोसा पकडायची तर पास असूनही आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे, आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये मात्र बहुतेक गाड्यांत सरळ चढायचं आणि रिकामी जागा दिसली की बसायचं. एकीकडे राजधानी, दुसरीकडे बदलापूर फास्ट. मी कुठे वळलो असेन ते सांगायला नको. फ्रान्स तिथेच गळला.

झुरिकला गाडी बदलायला सात मिनिटं होती. मी म्हटलं, भरपूर झाली, दादरचा पूल मी दोन मिनिटांत पार करत असे.

"तेव्हा तुम्ही बत्तीस वर्षांचे होतात आणि हातात फक्त डबा होता."

पण स्विस वेळापत्रकाने हिला जिंकलं. १९८२ पासून तिथे देशभर दर तासाला त्याच मिनिटाला गाड्या धावतात. मोठ्या जंक्शनांवर चहूकडच्या गाड्या तास भरायच्या जरा आधी येऊन थांबतात, माणसं इकडून तिकडे जातात आणि तास उलटला की सगळ्या सुटतात. "म्हणजे घंटा झाली की मुलं वर्ग बदलतात, तसंच," ही म्हणाली. इतक्या आदराने ती माझ्या माहेरच्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या, वेळापत्रकाबद्दल कधी बोललेली नाही.

माझा जीव भांड्यात पडला तो जर्मनीमुळे. तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ साली ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर, आणि रद्द झालेली गाडी हिशेबात धरतच नाहीत. हे वाचलं आणि परदेशी जातोय ही भावनाच गेली.

मग गावांच्या नावांनी छळलं. व्हेनिसचं व्हेनेझिया, फ्लोरेन्सचं फिरेंझे इथवर ठीक. पण इटलीतल्या वेरोनाहून म्युनिकला जाणारी गाडी शोधताना मला एकसारखं 'मोनाको' दिसत होतं. तो जुगारवाला मोनॅको समजून मी वाटेत दोन रात्री राहायचं ठरवलंही. "मोनॅको समुद्रकाठी आहे, आणि ही गाडी आल्प्समध्ये शिरतेय," हिने नकाशावर बोट ठेवून दाखवलं. इटालियन लोक म्युनिकलाही मोनाकोच म्हणतात. जुगारात जेवढे घालवले असते तेवढे तरी वाचले.

आणि खरं रामायण झालं ते व्हिसाचं. शेंगेन म्हणजे आता २९ देश, व्हिसा एकच. मात्र अर्ज त्या देशाकडे करायचा, जिथे आपला मुक्काम सर्वांत जास्त. आमच्या एकोणतीस रात्रींची वाटणी अशी होती: स्वित्झर्लंड सात, ऑस्ट्रिया आठ, इटली आठ, जर्मनी पाच. उरली एक. ती व्हिएन्नाहून रोमला जाणाऱ्या नाइटजेटमध्ये.

ती कोणाची?

पासच्या नियमात रात्रीच्या थेट गाडीला सुटण्याचा दिवस तेवढा मोजतात, म्हणून मी ऑस्ट्रियाकडे झुकलो. ही म्हणाली, सकाळी डोळे उघडतील ते इटलीत, म्हणून इटली. मी तडजोड सुचवली: झोप लागेल तेव्हा खिडकीबाहेर जो देश असेल, त्याची रात्र.

"तुम्हाला गाडी सुटायच्या आधीच झोप लागते. ऑस्ट्रिया."

तिला इटली हवी होती, म्हणून तिने जर्मनीची एक रात्र कापून इटलीला दिली. इटली नऊ, ऑस्ट्रिया आठ. गाडीतली रात्र ऑस्ट्रियाकडे गेली तर पुन्हा नऊ-नऊ. बरोबरी झाली तर ज्या देशातून आत शिरणार, तिकडे अर्ज. "म्हणजे भांडण या दोघांचं आणि निकाल स्वित्झर्लंडचा?" हिने कपाळाला हात लावला. शेंगेन करारावर १४ जून १९८५ला सह्या झाल्या त्या मोझेल नदीतल्या एका बोटीवर. वाहनात बसून करार करणाऱ्यांना वाहनात झोपणाऱ्यांचं काय, हे सुचायला हवं होतं. शेवटी जर्मनीची आणखी एक रात्र गेली. इटली दहा, वाद संपला.

आता सगळं छापून फाइलला लागलंय. चार देश, प्रत्येक बदलाची वेळ, फलाटाचा जिना कुठल्या टोकाला तेसुद्धा. परवा हिने शेवटचा, म्हणजे खरा तर पहिला, रकाना भरला. विमान रात्री अडीचचं. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रो, तिथून भुयारी मेट्रोने थेट टी-२. दोनच बदल. "आणि रात्री मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दीही नसते," ती म्हणाली.

मी दोन्ही बॅगांकडे पाहिलं. मग घाटकोपरचा जिना आठवला.

टॅक्सी रात्री नऊला सोसायटीच्या गेटवर येणार आहे.